फोन चालू कर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन परवापासून बंद आहे, म्हणून हे लिहून विनयकडे देतेय. तो आला की दार उघड.

मंगळवारी रात्री पावणेदहाला मला एका माणसाचा फोन आला. तुझं नाव घेऊन नको नको ते बोलला. मग ताईला, मग मिलिंदकाकाला. त्या ॲपवरून घेतलेलं सात दिवसांचं कर्ज आम्हाला तेव्हा कळलं. मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. आता राग नाही. फक्त फोन चालू कर.

ताईला तू पाठवलेली ती ‘अटकेची नोटीस’ मी चष्मा लावून दोनदा वाचली. पतसंस्थेत २६ वर्षं थकबाकीच्या नोटिसा मीच टाइप केल्यात. हिच्यावर जावक क्रमांक नाही, पत्ता नाही, पैसे कुणी दिले त्या संस्थेचं नाव नाही. नुसता वर अशोकस्तंभ छापलाय. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नसते रे. पैशांसाठी त्यांनी दिवाणी दावा लावायचा. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं तर वेगळी केस होऊ शकते, पण तिचंही समन्स कोर्ट काढतं, वसुलीवाला नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलंय: थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी नाही, चारचौघांत बदनामी नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास नाही. कर्जाच्या ॲपने तुझ्या मोबाइलमधले नंबर उचलायचेच नाहीत, हाही त्याच वर्षीचा नियम. म्हणजे मला आलेला तो फोन मुळातच नियमाबाहेरचा. तो मी कॉल लॉगमध्ये ठेवलाय, पुसलेला नाही. तूही मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ.

आधी कर्जाच्या कागदांत बघ, खरे पैसे देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण आहे. तिच्याकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा नंबर १४४४८. नावच सापडत नसेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांग आणि सरळ पोलिसांत जा. धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. एकटा जाऊ नकोस, बाबा येतील.

घेतलेले पैसे मात्र फेडायचे. पण त्याच्या ओरडण्यावर नाही, लेखी हिशोब घेऊन, आणि संस्थेच्याच खात्यात. एक कर्ज फेडायला दुसरं ॲप उघडायचं नाही, हे तुला मी नोकरी लागली तेव्हाच... जाऊ दे. पुन्हा ऑफिसातल्यासारखी बोलायला लागले. चुकलं माझं.

सहावीत सहलीचे पैसे हरवलेस, आठवतं? कुणाला न सांगता दीड महिना शाळेत चालत गेलास, बसचे पैसे साठवायला. बुटाचा तळ गेला तेव्हा मला कळलं. पुढे वर्षभर मी भेटेल त्याला कौतुकाने सांगत होते, माझा मुलगा किती स्वाभिमानी म्हणून. परवा रात्री झोप लागेना तेव्हा सारखं तेच डोळ्यांसमोर येत होतं. तेव्हा कौतुक करण्याऐवजी तुला जवळ घेऊन विचारायला हवं होतं, की मला का नाही सांगितलंस.

बाबांना सगळं सांगितलंय. काही बोलले नाहीत. पासबुक काढून टेबलावर ठेवलं आणि गच्चीवर गेले. तुला माहीत आहे त्यांचं.

रात्रीचा एकटा राहू नकोस. विनय दोन दिवस तिथेच थांबणार आहे, त्याला मीच सांगितलंय, त्याच्यावर चिडू नकोस. त्या लोकांचे फोन नको असतील तर ते नंबर ब्लॉक कर, पण माझ्यासाठी फोन चालू ठेव. बोलावंसं वाटत नसेल तर नुसता मिस्ड कॉल दे. मी जागी आहे.

तुझी,
आई