बांधावरचा तंटा बांधावरच मिटावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील जमतात. मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेची वेळ ठरते, चहा होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. या बैठका व्हायलाच हव्यात. पण आमच्यासारख्या गावांत मिरवणुकीत जी हाणामारी होते तिचे मूळ बहुतेक वेळा बांधावर, विहिरीच्या हिश्श्यात किंवा अडवलेल्या शेतरस्त्यात असते. भावकीत फूट पडली की एका मंडळाची दोन मंडळे होतात आणि वर्षभर साठलेला राग गुलालाच्या निमित्ताने बाहेर पडतो. पोलिसांना दिसते ती फक्त शेवटची रात्र.

गावच्या तंटामुक्ती समितीत मी महिला सदस्य म्हणून काम केले आहे, म्हणून हे लिहिते आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहखाते तेव्हा आर. आर. पाटील यांच्याकडे होते. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तंटे नोंदवहीत लिहायचे आणि कायद्याने तडजोड होऊ शकते असे तंटे दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने मिटवायचे, अशी ती रचना. तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांत बक्षीस होते. बक्षिसाने लोक जमले हे खरे, पण मला त्या मोहिमेचे मोल वेगळेच वाटते. भांडण कोर्टात जाण्याआधी ते घेऊन जायला गावात एक हक्काची जागा झाली होती.

आमच्याकडचा एक तंटा सांगते. दोन चुलतभाऊ, मधे सामाईक बांध. ट्रॅक्टरचा नांगर दर वर्षी एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आत यायचा. बांध इतका कोरला गेला होता की डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्यावरून चालता येत नव्हते. मोजणी झाली, हद्दीच्या खुणा रोवल्या आणि त्या उपटल्याही गेल्या. मग कोर्ट, तारखा, वकील. समितीने बैठक चावडीत न घेता बांधावरच घेतली. पुरुष मंडळी गुंठ्यांचा हिशेब आणि वडिलांच्या वेळची वाटणी काढून बसली होती. तेवढ्यात धाकट्या घरची सून म्हणाली, "आबा, बांधाचं राहू द्या. आमची पाइपलाइन त्यांच्या रानातून जाऊ देत न्हाईत, तिथनं सगळं सुरू झालं." हे दोन्ही घरांतल्या बायकांना पहिल्यापासून ठाऊक होते, पण त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते. पाइपलाइन जाऊ द्यायची, दोघांनी आपापल्या बाजूने फूटभर जागा सोडून बांध घालायचा, खुणा सगळ्यांसमक्ष पुन्हा रोवायच्या असे ठरले. ते नोंदवहीत लिहिले, सह्या झाल्या आणि पुढे दावाही काढून घेतला गेला. दोघे आजही एकमेकांच्या ओट्यावर बसत नाहीत. पण पाण्याची पाळी कुणी चुकवत नाही, पोरे एका गाडीवरून कॉलेजला जातात आणि हळदीकुंकवाचे बोलावणे दोन्ही घरी जाते. मला एवढी शांतता फार मोठी वाटते.

एक मात्र ठणकावून सांगायला हवे. सगळेच तंटे समितीने मिटवायचे नसतात. बाईला घरात मारहाण होत असेल, जातीवरून कुणाचा अपमान झाला असेल, तर तिथे "गावाचं नाव जाईल" म्हणून तक्रार दाबणे हा दुसरा अन्याय आहे. अशा माणसाला समितीने स्वतः सोबत करून पोलीस ठाण्यात न्यावे. तक्रारी कमी दिसतात म्हणून गाव शांत आहे असे धरून चालू नये.

शहरांतही हाच अनुभव आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि वस्तीतल्या साध्या हिंदू-मुसलमान माणसांना पोलिसांबरोबर नियमित एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगल नसताना लोक एकमेकांना भेटत होते, म्हणून अफवा उठली तेव्हा कुणाला विचारायचे हे त्यांना माहीत होते.

आमच्या भागात आता तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडताना चुरस होते, सत्कार होतो आणि त्यानंतर वर्षभर बैठक होत नाही. हे पाहून जीव तुटतो, कारण आज साधने तेव्हापेक्षा जास्त आहेत. शेतरस्ता अडवला तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असे बारा वर्षे चालत आलेले असेल, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीमध्ये करून देणारी सलोखा योजना शासनाने २०२३ मध्ये आणली. पण ती भांडणाऱ्या दोघांपर्यंत नेणार कोण? तलाठ्याकडे अनेक गावे असतात. हे काम गावच्या समितीचेच आहे.

समितीची बैठक दर महिन्याला ठरलेल्या दिवशी व्हावी, मोजणी आणि वाटपाचे नियम सदस्यांना तालुक्याला बोलावून शिकवावेत आणि बायकांना सहीपुरते न बोलावता तंट्याच्या जागी बोलवावे, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे. आपल्यालाही एक विनंती. शांतता समितीच्या बैठकीची बातमी आपले तालुका प्रतिनिधी देतातच. त्यांनी आपल्या भागातल्या चार गावांत जाऊन तंटामुक्ती समितीची नोंदवही मागावी, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे आणि गावाच्या नावासह छापावे.

आपली नम्र,
एक वाचक,
ता. बार्शी, जि. सोलापूर