मुक्त की नुसतं उघडं?

महोदय,

कालचा मुक्त सॉफ्टवेअरवरचा लेख वाचता वाचता चहा गार झाला. सोर्स (प्रोग्रॅमची मूळ संहिता) दिसतोय ना, मग बदलांवर अटी असल्या तर काय बिघडलं, असं लेखकमहाशय विचारतात. काय बिघडतं ते सांगतो.

नौपाड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. एका कंपनीचा देवनागरी फॉन्ट वापरत होतो. सोर्स उघडा, जाहिरातीत ‘मुक्त’. पण ‘वऱ्हाडी’ टाइप केलं की ‘ऱ’ पाय मोडून, खाली टिंब घेऊन ‘ह’पासून फटकून उभा! फॉन्टफोर्ज या फॉन्ट दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये बसून एका संध्याकाळी तो सरळ केला. लायसन्स म्हणतं, बदल स्वतःपुरता करा, बदललेली प्रत कुणाला द्यायची नाही. कंपनीला मेल केला. ‘सूचनेची नोंद घेतली आहे.’ संपलं. मीही शहाणा, नियम पाळला. लग्नपत्रिकेची फाइल वागळे इस्टेटच्या प्रेसमध्ये मूळ फॉन्टवर उघडली गेली आणि 400 पत्रिकांवर तेच मोडकं वऱ्हाड छापून आलं. (पीडीएफ का नाही दिली विचारू नका, मुहूर्ताची वेळ आयत्या वेळी बदलायची होती.) मुलीचे वडील म्हणाले, “अहो, वऱ्हाड लंगडत येणार की काय?” फेरछपाई पदरची.

अटच नको असं माझं म्हणणं नाही. डोनाल्ड कनूथ यांच्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे टेक्‌मध्ये फेरफार केलेत तर त्याला टेक् म्हणायचं नाही. एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्समध्येही मूळ नाव राखून ठेवता येतं. रास्तच आहे, माझी चूक त्यांच्या नावावर कशाला? क्यूटी या प्रोग्रॅम बनवायच्या साधनसंचाच्या जुन्या क्यूपीएल लायसन्सची अट याहून कडक होती: मूळ सोर्स जसाच्या तसा द्या, बदल पॅच म्हणून वेगळे जोडा. म्हणजे आपलं शुद्धिपत्रकच की! कटकटीचं खरं, पण मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या फाउंडेशननेही ते मुक्तमध्येच धरलं, कारण दुरुस्ती शेवटी दुसऱ्याच्या हाती पडते. मुक्त सॉफ्टवेअरसाठी त्यांनी सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांतलं एक नेमकं हेच आहे, सुधारलेली प्रत वाटण्याचं. लेखात चारही छापलीत, वाचली किती कोण जाणे.

जाता जाता, त्याच पानावर ‘शाळांतील आचार्यांच्या मानधनात वाढ’ असा मथळा आहे. आमच्या घरी शिक्षिका आहे, ती सकाळी हरखून गेली होती. बातमी पोषण आहार शिजवणाऱ्या आचाऱ्यांची निघाली. आपण कोणता फॉन्ट वापरता, कळवाल का?

– एक डीटीपीवाला, नौपाडा, ठाणे