भाटकार की मुंडकार?

मा. संपादक,

नातीच्या इतिहासाच्या वहीत दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावाचा पोर्तुगिजांविरुद्धचा उठाव दोन ओळींत उरकलेला दिसला. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइट (ख्रिस्ती) मिशनऱ्यांना ठार केले. पुढे बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी गावच्या गांवकारांना, म्हणजे प्रमुखांना, कापून काढले. दोन्ही घटना एकाच तासाला शिकवाव्यात. एकच सांगितली की वर्गातली काही मुले मान खाली घालून बसतात. कोणती मुले, एवढेच काय ते बदलते.

पण परक्यांचा जुलूम सांगणे त्या मानाने सोपे. नातीने विचारले, "आजोबा, आपण भाटकार की मुंडकार?" भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा. मी गप्पच झालो. (भाटकार.) कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, उत्पन्नात वाटा कुणाला होता, कुणाला नव्हता? मुंडकाराला घरातून हुसकावू नये म्हणून १९७५ मध्ये कायदा का करावा लागला? गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल का उजाडले? नववीच्या मुलांना एकदा वाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या मुंडकारणीशी बोलायला पाठवा. त्याला गुण नाही दिले तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षक, फोंडा