ते गाणं एल्विसचं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्लूग्रासवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या तंतुवाद्यांच्या लोकढंगी संगीतावरचा लेख वाचला. असल्या विषयाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं याचा आनंद झाला आणि तो तिसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे ‘एल्विसचं अजरामर गाणं’ निघालं! अहो, ते ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांचं. रचलं त्यांनी आणि सप्टेंबर 1946 मध्ये शिकागोत कोलंबिया कंपनीसाठी गायलंही त्यांनीच. एल्विसने 1954 मध्ये ते आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घातलं. मूळ गाणं तीन मात्रांचं, संथ, झुलणारं. त्याने ते चार मात्रांत पळवलं. छान पळवलं, पण म्हणून गाणं त्याचं होत नाही.

आणि फोटोखालची ओळ, ‘मन्रो बँजो वाजवताना’. हातात आठ तारांचं मॅंडोलिन लख्ख दिसतंय! आपल्याकडे बँजो म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली बँजो पार्टी, म्हणून गफलत झाली म्हणावं तर त्या पार्टीतलं बुलबुलतरंगही असं दिसत नाही. बँजो अर्ल स्क्रग्जचा. बोटांना नख्या चढवून अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटं तो अशी चालवायचा की सूर ओघळत राहायचे. डिसेंबर 1945 मध्ये तो मन्रोंच्या ताफ्यात आला. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, चबी वाईज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स होते. या पाच जणांनी 1946 आणि 1947 मध्ये मिळून 28 गाणी मुद्रित केली आणि आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात त्याचा घाट तिथे बसला. त्याच्या आधीच्या, फेब्रुवारी 1945 मधल्या मुद्रणात तर चक्क अकॉर्डियन आहे. तेव्हा लेखातली ‘शेकडो वर्षांची परंपरा’ही जरा जपून.

आता कबूल करतो, एल्विसवाली चूक मीही केली आहे. 1987 साली नोकरीनिमित्त सिनसिनाटीत होतो. घरमालकांचे वडील केंटकीच्या डोंगरातून कारखान्यात कामाला आलेले. एकदा जेवताना रेडिओवर हे गाणं लागलं आणि मी ऐटीत म्हणालो, “एल्विस!” म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला, मला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं आणि मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड लावली. गाणं संपलं. एक शब्द न बोलता त्यांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. भारतात परतताना त्यांनी मला तीच रेकॉर्ड कॅसेटवर उतरवून दिली.

लेखाच्या शेवटच्या चौकटीत ‘ही जुनी गाणी आता स्वच्छ करून घ्या, नव्यासारखी होतात’ असा सल्ला आहे. हो का! मी ती कॅसेट इथल्याच एका दुकानात सीडी करायला दिली होती. दुकानाचं नाव घेत नाही. चार दिवसांनी गेलो तर तिथला मुलगा अभिमानाने म्हणाला, “काका, सगळा कचरा काढून टाकलाय.” घरी येऊन लावली. खरखर गेलेली, तिच्याबरोबर फिडलवर घासणाऱ्या गजाचा आवाजही गेलेला. मन्रोंचा तो वर चढणारा धारदार गळा उशीतून येत होता. मूळ कॅसेट मागितली तर कळलं, टेप यंत्रात गुंतून तुटली. वर पूर्ण पैसे घेतले, ते वेगळंच.

पण राग त्याचाही नाही. कॅसेटच्या सुरुवातीला, गाणं लागायच्या आधी, म्हाताऱ्याचं खोकणं होतं, मग “हं, आता ऐक” असं इंग्रजीतून आणि सुई टेकल्याचा ठक्क आवाज. दुकानदाराला ते विचारलं तर म्हणाला, “गाण्याच्या आधी कोणीतरी खोकत होतं, म्हणून तेवढं कापलं.”

तेव्हा वाचकांना असले सल्ले देण्याआधी लेखकमहाशयांनी एखादी स्वच्छ न केलेली रेकॉर्ड ऐकावी ही नम्र विनंती. फोटोच्या ओळीची दुरुस्ती आपण छापालच, पण ती शेअर बाजाराच्या पानाच्या तळाशी, भिंगातून वाचाव्या लागणाऱ्या अक्षरांत नको. आणि हो, गेल्या रविवारी शब्दकोड्याखाली छापलेली उत्तरं त्या कोड्याची नव्हतीच. आडवे सात चार अक्षरी आणि उत्तर सहा अक्षरी. मी आणि सौ. बुधवारपर्यंत भांडत होतो.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे