दादांची सही सकाळीच घे, बापू

मिरज,
रविवार, रात्री

प्रिय बापू,

फोनवर तू म्हणालास, "सविस्तर लिहून पाठव, दादांना आणि वहिनींना समोर बसवून वाचून दाखवतो." म्हणून लिहितोय. जिथं कळणार नाही तिथं थांब, मला फोन लाव, कितीही वाजलेले असू देत.

आधी मुद्द्याचं. काल दादांनी आपल्या पोराच्या बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मगजाच्या, तपासणीच्या संमतीपत्रावर सही केली नाही. ती उद्या सकाळी डॉक्टरांच्या राउंडच्या आधी झाली पाहिजे. सोमवारी नमुना घेतला तर संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला जातो आणि मंगळवारी सकाळी तिथं कामाला लागतो. उशीर केला तर पोराच्या अंगात औषध भिनत जाईल, पेशी बदलत जातील, आणि आज जे स्वच्छ दिसलं असतं ते पुसट होईल.

दादांच्या मनात अजून आहे की पोराला डेंग्यूच झाला होता आणि तो बिघडला. त्यांचा दोष नाही. छाटणीनंतरचे दिवस, ताप, प्लेटलेट 11,000, म्हटल्यावर तासगाव काय नि सांगली काय, आधी डेंग्यूच आठवतो. पण दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना आणि मांडीवर मार न लागता काळेनिळे चट्टे उठले, हे तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सलाईन लावून वेळ न काढता मिरजेला पाठवलं. त्यांचे उपकार विसरू नका.

गुरुवारी दुपारी त्याच्या रक्ताचा थेंब पसरलेली काच लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आली. नाव वाचलं आणि पोटात गोळा आला. पांढऱ्या पेशी जेमतेम 1,800, त्यामुळं काचेवर शोधाव्या लागत होत्या. मोठ्या पेशी काच ओढताना कडेला सरकतात, म्हणून कडेला गेलो. तिथं त्या होत्या. केंद्रक मधे खोलगट, दोन पाळ्यांचं, पेशीत गच्च लालसर-जांभळे दाणे, आणि एका पेशीत तर बारीक लाल काड्यांची मोळी बांधून ठेवल्यासारखी. या काड्यांना ऑर रॉड म्हणतात. त्या अशा जुडीनं दिसल्या की आमच्या धंद्यात खुर्चीवर बसून राहत नाहीत. मी उठलो आणि आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि तिथूनच वॉर्डला फोन केला.

आजाराचं नाव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. डॉक्टर नुसतं एपीएल म्हणतात. 1957 साली नॉर्वेच्या हिलेस्टाड नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा वेगळा ओळखला, तेव्हा त्यांनी त्याला अक्यूट ल्युकेमियातला सगळ्यात घातक प्रकार म्हटलं होतं. त्यांचे रुग्ण काही आठवड्यांत रक्तस्रावानं गेले. या आजारात नुसत्या प्लेटलेट कमी होत नाहीत, रक्त गोठवणारी सगळी यंत्रणाच उधळली जाते. म्हणून त्याच रात्री पोराला अ‍ॅट्राच्या कॅप्सूल सुरू झाल्या, प्लेटलेट आणि प्लाझ्मा चढवला. एपीएलची शंका आली की रिपोर्टची वाट न पाहता अ‍ॅट्रा द्यायचं, हा जगभरचा नियम आहे.

इथंच दादांचा प्रश्न येतो: औषध सुरू झालंय, हिरड्यांचं रक्त थांबलंय, मग आता आणखी तपासण्या कशाला?

बापू, प्रश्न रास्त आहे. पण काच आम्हाला दाट शंका देते, खात्री देत नाही. मायक्रोस्कोपखाली एपीएलसारखे दिसणारे दुसरे ल्युकेमिया असतात. आणि एपीएलमध्येही क्वचित एक प्रकार असा निघतो की अ‍ॅट्राला दाद देत नाही. काचेवर ते भावंडांसारखे सारखे. फरक असतो तो पेशीच्या आत, गुणसूत्रांत.

दादांना असं सांग. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. एपीएलमध्ये 15 नंबरच्या आणि 17 नंबरच्या गुणसूत्राचा एकेक तुकडा तुटतो आणि अदलाबदल होऊन चिकटतो. 1977 साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी हे दाखवलं. (या बाई गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून घरी जेवणाच्या टेबलावर मांडायच्या, आणि मुलं म्हणायची आई कागदाच्या बाहुल्या खेळते.) त्या चुकीच्या जोडणीतून पीएमएल आणि आरएआरए ही दोन जनुकं एकत्र येतात आणि एक नवंच प्रथिन बनतं. ते पेशीला मोठी होऊ देत नाही. पेशी अर्धवट वयातच अडकते, तिच्यासारख्या लाखो होतात आणि बोन मॅरो भरून जातो.

आता आरएआरए हे जनुक अ जीवनसत्त्वाशी नातं असलेल्या एका आम्लाचा संदेश घेतं, आणि अ‍ॅट्रा म्हणजे तेच आम्ल, मोठ्या मात्रेत. ते दिलं की अडकलेली पेशी पुढं सरकते, पिकते आणि आपलं आयुष्य संपवून जाते. शांघायच्या वांग झेनयी यांनी 1985 साली पाच वर्षांच्या एका मुलीला ते दिलं, ती बरी झाली. 1988 साली त्यांनी 24 रुग्णांचा अनुभव छापला, सगळ्यांचा आजार उतरला होता. नंतर आर्सेनिक आलं, आपलं सोमल. वहिनी घाबरतील, म्हणतील पोराला विष देताय. पण ते आर्सेनिक त्या चुकीच्या प्रथिनाचाच चुराडा करतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं 2006 साली 72 रुग्णांचा अहवाल दिला, नुसत्या आर्सेनिकवर त्यातले बहुतेक रुग्ण आजारातून बाहेर आले होते. आणि 2013 साली इटली-जर्मनीच्या डॉक्टरांनी अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक ही जोडी केमोच्या समोर उभी केली. ज्यांच्या पांढऱ्या पेशी 10,000 च्या वर नव्हत्या अशांना घेतलं होतं. दोन वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले जोडीच्या गटात 97 टक्के, केमोच्या गटात 86.

आपल्या पोराच्या पेशी 1,800 आहेत. म्हणजे तो याच गटात बसतो. पण एका अटीवर: 15 आणि 17 ची ती जोडणी त्याच्यात खरोखर असली पाहिजे. असेल तर या दोन औषधांवर, जवळजवळ केमोशिवाय, तो बरा होऊ शकतो. नसेल तर आर्सेनिकचा उपयोग नाही. मग सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिनची जोरदार केमो, पुढं कदाचित दुसऱ्याचा बोन मॅरो बसवणं, असा पूर्ण वेगळा रस्ता. त्यातला कोणता धरायचा ते ही तपासणी सांगणार आहे, म्हणून मी इतका हट्टाला पेटलोय.

गुरुवारी रक्तावरची फिश नावाची तपासणी पाठवली आहे, तिचा निकाल उद्यापरवा येईल. तिच्यात 15 नंबरला एक चमकणारा रंग लावतात, 17 नंबरला दुसरा. लाल आणि हिरवा ठिपका लांब लांब असले तर जोडणी नाही. एकमेकांवर चढून पिवळे दिसले तर आहे. मग मॅरो कशाला? कारण फिश विचाराल तेवढंच सांगते. मॅरोतून कॅरिओटाइप करतात, त्यात पेशी वाढवून साधारण 20 पेशींची सगळीच्या सगळी गुणसूत्रं मांडून बघतात. शिवाय पीसीआर, तो ती जोडणी नेमकी कुठल्या जागी झाली ते धरतो. हाच पीसीआर पुढं औषधांचे कोर्स संपले की पुन्हा करायचा असतो. तेव्हा काच स्वच्छ दिसेल, पोरगं शेतात जायला लागेल, आणि तरीही दहा हजारांत एखादी खराब पेशी लपलेली असेल तर ती पीसीआरच दाखवेल. सुरुवातीचा नमुना नसेल तर पुढच्याची तुलना कशाशी करणार?

सुईची भीती दादांना कुणी घातली ते मला माहीत आहे. "पाठीच्या कण्यातून पाणी काढतात, पोरगं लंगडं होईल." बापू, मॅरो मणक्यातून घेतच नाहीत. कुशीवर झोपवून, जागा बधिर करून, कमरेच्या मागच्या हाडातून घेतात. ओढताना क्षणभर कळ येते, ती मी लपवत नाही. प्लेटलेट देऊनच करतात आणि नंतर ती जागा बराच वेळ दाबून धरतात. दोन बाटल्या भरतात: जांभळ्या झाकणाची पीसीआरसाठी, हिरव्या झाकणाची कॅरिओटाइपसाठी. हिरवीतल्या पेशी पुण्यात जिवंत पोचल्या पाहिजेत, म्हणून ती गाडीची घाई. बाटलीवर नाव, तारीख, वेळ मी स्वतः तपासून देईन.

आता वहिनींचं. तू फोनवर आवाज खाली आणून विचारलंस, म्हणजे घरात काय बोलणं चाललंय ते समजलं. पोरीचं लग्न माघात ठरलंय आणि रिपोर्टवर "जनुकीय" असं येणार. सासरचे काय म्हणतील, आपल्या घराण्याच्या रक्तातच आहे की काय? ऐक. हा बिघाड पोराच्या जन्माच्या वेळी नव्हता. तो आईकडून आला नाही, बापाकडून आला नाही. मोठेपणी, त्याच्या मॅरोतल्या एका पेशीत तो झाला आणि त्या पेशीच्या वंशापुरता राहिला. त्याच्या बहिणीच्या अंगात तो नाही, तिच्या लेकरांत जाणार नाही. काही थोडे रक्ताचे कॅन्सर घराण्यात चालतात हे खरं, आणि तशी शंका असली तर डॉक्टर घरातल्यांची चौकशी करून वेगळी तपासणी सांगतात. एपीएल त्यातला नाही. सासरच्यांनी विचारलं तर त्यांना माझ्याकडं पाठव, मी समोर बसून सांगेन. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तिच्या नावाला या कारणानं डाग लागू देणार नाही.

द्राक्षाच्या फवारणीचंही दादा मनाला लावून घेतायत, "मीच त्याला औषध मारायला पाठवायचो" म्हणून. एका माणसाच्या एपीएलचं कारण बोट ठेवून कुणालाच सांगता येत नाही. तोंडाला फडकं आणि हातमोजे पुढं सगळ्यांनीच वापरा, पण हे ओझं बापानं डोक्यावर घेऊ नये. त्याला तसं सांग, माझं नाव घेऊन सांग.

आणि कोल्हापूरचे पाव्हणे फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतायत की रक्त थांबलंय तर घरी न्या, गावठी औषध सुरू करा. त्यांना स्पष्ट नाही म्हण. या आजारात खरा धोका पहिल्या काही आठवड्यांचा. रक्तस्राव परत उलटू शकतो, मेंदूतसुद्धा. शिवाय अ‍ॅट्रामुळं पेशी एकदम पिकायला लागल्या की कधी ताप येतो, वजन भराभर वाढतं, धाप लागते, छातीत पाणी होतं. ते लवकर ओळखलं तर स्टेरॉईडनं आवरतं, घरी ओळखणार कोण? आर्सेनिक सुरू झालं की ईसीजी आणि पोटॅशियम सारखं बघावं लागतं. पोरगं उठून बसलं, चहा मागायला लागलं, तरी त्याला हलवायचं नाही. अंग दुखतंय म्हणून कुणी बाहेरून वेदनाशामक गोळी आणून द्यायची नाही, कमरेत इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र हॉस्पिटलातच बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उद्या त्यांना भेट. कुठली तपासणी योजनेत बसते, कुठली नाही, ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. जी बसणार नाही तिचे पैसे मी भरतोय. याच्यावर वाद घालायचा नाही. माझ्या बाबांच्या वेळी दादांनी बैल विकले होते, ते मी विसरलो नाही.

दाते लागतील, प्लेटलेटसाठी. गावातले पाचसहा तरणे जण आळीपाळीनं यायला तयार ठेव, सगळे एकाच दिवशी नकोत. येताना जेवून यावेत. ज्यांनी नुकतीच अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घेतलीय त्यांना मागं ठेव.

मी सकाळी सातला वॉर्डच्या दारात असेन. दादांना घेऊन ये, त्यांना चहा पाजतो आणि सही करेपर्यंत त्यांच्याजवळ बसतो. वहिनींना रात्री माझ्याकडं झोपायला पाठव, वॉर्डच्या व्हरांड्यात नको. हिला सांगून ठेवलंय, खोली झाडून ठेवलीय.

तुझा,
आबा

ता.क. गुरुवारच्या आधीचे तासगावचे रक्ताचे रिपोर्ट, डेंग्यूचा धरून, सगळे घेऊन ये. मॅडमनी मागितलेत.