गौरव अंकातलं ते एक पान

प्रिय आई, प्रिय बाबा,

सा. न. वि. वि. (हसू नका, पत्राची सुरुवात अशीच करायची हे बाबांनीच शिकवलंय.)

परवा दादाचा फोन आला. म्हणाला सत्कार समितीवाले बाबांच्या पंचाहत्तरीचा गौरव अंक काढतायत आणि त्यात लेकीचं एक पान हवंय, 'आमचे बाबा' टाइप. सोबत त्यांनी बाबांच्या परिचयाचा मजकूरही पाठवलाय, तो वाचून मी जरा गप्पच झाले. त्यात चार वेळा 'एकहाती' आलंय. एकहाती रक्तदात्यांची यादी उभी केली, एकहाती प्रेस सांभाळली, पुरात एकहाती काय काय केलं. म्हणून ते पान मी लिहिणार नाहीये, त्याऐवजी तुम्हा दोघांना हे पत्र. फोनवर बोलले असते, पण फोन स्पीकरवर असतो आणि आई मध्येच 'जेवलीस का' विचारते मग माझा विषयच संपतो.

आधी एक क्लिअर करते. बाबा, तुमच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चौऱ्याहत्तर साली छपाईचं एक सेकंडहँड ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केसेस आणि भाड्याचा गाळा एवढ्यावर सुरू केलेली प्रेस तुम्ही पन्नास वर्षं ओढलीत, आणि ते करताना गावाचं जेवढं केलंत तेवढं पगारी माणसांनीही केलं नसेल. उत्तरकार्याच्या पत्रिकेचे पैसे तुम्ही कधी कुणाकडून घेतले नाहीत, गरीब असो की श्रीमंत. इलेक्शनला मात्र सगळ्या पार्ट्यांना एकच रेट आणि रोख ॲडव्हान्स घेतल्याशिवाय शाई लावायची नाही, कारण तुमचं म्हणणं, हरलेला पैसे देत नाही आणि जिंकलेला ओळख देत नाही. नगरसेवकाचं तिकीट दोनदा दारात आलं तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवलंत. हे सगळं मला माहितीय आणि मी ते लोकांना सांगतही असते.

रक्ताच्या बाबतीत तर तुमचं डोकं खरंच वेगळं चालायचं. शिवजयंती, गणपती, नेत्यांचे वाढदिवस, सगळी शिबिरं त्याच त्याच दिवशी, फ्लेक्सवर फोटो आणि हातात हेल्मेट नाहीतर डबा. तुम्ही मंडळाच्या पोरांना बसवून सांगायचा की अरे पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं, फार तर 42, प्लेटलेट तर पाचच दिवस, एका दिवशी पाचशे पिशव्या काढून काय लोणचं घालायचंय का? मग मे महिन्यात, जेव्हा कॉलेजं बंद आणि माणसं गावाला, आणि दिवाळीच्या आठवड्यात शिबिरं लावायला तुम्ही सुरुवात केलीत. थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना सुट्टी नसते, हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. त्या शिबिरांची हँडबिलं, पोस्टरं, सर्टिफिकेटं, सगळं आपल्या प्रेसमध्ये, आपल्या कागदावर.

आणि ते रजिस्टर. पूर्वी हॉस्पिटलांच्या बाहेर पैसे घेऊन रक्त देणारी माणसं बसलेली असायची, त्यांची खंगलेली तोंडं बघून तुम्ही चिडायचा ते मला आठवतं. सुप्रीम कोर्टाने 1996 ला निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून तो धंदा कायद्याने बंद झाला. चांगलंच झालं, पण विकतचं बंद झालं आणि ऐच्छिक पुरेसं नाही, मग नातेवाईक रात्री-अपरात्री शोधत कुणाकडे येणार? आपल्याकडे. गटवार पानं, एबी निगेटिव्हचं एकच पान, आणि शेवटी लाल शाईत 'बॉम्बे ग्रुप' असं लिहिलेलं रिकामं पान. तो गट 1952 साली मुंबईत भेंडे डॉक्टरांनी शोधला, दहा हजारांत एखाद्याचा असतो, ही माहिती तुम्ही मला आठवीत असताना पाठ करून घेतली होती, अजून येते.

आता दुसरी बाजू. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना आईच्या खतावण्या सापडल्या. बाबांना वाटतं प्रेसचा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. डोक्यात उधारी होती बाबा, हिशोब आईच्या वहीत होता. मी दिवसभर दुसऱ्यांची ऑडिटं करते त्यामुळे वही दिसली की बसकण मारतेच. प्रत्येक वर्षाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावाची पानं, कागदवाल्याचं पान, लाइटबिलाचं पान, आणि मग एक पान, वर नुसतं 'ह्यांचे' लिहिलेलं. त्याखाली बारीक अक्षरात: शिबिराची सर्टिफिकेटं दोनशे, कागद आपला. पत्रिका उत्तरकार्य, पैसे घेतले नाहीत. टेम्पो भाडे किल्लारी. रक्त द्यायला आलेल्या चौघांचा चहा-पोहे. पानाच्या तळाला बेरीज, आणि बेरजेच्या बाजूला दर वर्षी ती रक्कम कुठून भागवली त्याची एक ओळ. दिवाळीची साडी नको. भिशी उचलली. पाटल्या ठेवल्या. पुढच्या वर्षी 'पाटल्या सोडवल्या', त्याच्या पुढच्या वर्षी परत 'ठेवल्या'.

आई, तू हे कधी बोलली नाहीस. बाबा, तुम्ही विचारलं नाहीत. मी कुणाला दोष देत नाहीये, त्या काळी असंच असायचं वगैरे सगळं मान्य, पण 'एकहाती' हा शब्द त्या पानांसमोर टिकत नाही एवढंच म्हणतेय.

किल्लारीचंच घ्या. 30 सप्टेंबर 1993, आदल्या रात्री विसर्जन, मिरवणुकीतून येऊन तुम्ही झोपलात न झोपलात तोच पहाटे चारच्या सुमाराला भूकंप, सकाळी रेडिओवर बातमी आणि दुपारपर्यंत तुम्ही टेम्पो भरायला घेतला. परत आलात तेव्हा आमच्याशी बोलतच नव्हता. मग एकदम आईला म्हणालात, जुने कपडे गोळा करणं थांबवा, रस्त्याच्या कडेला ढीग पडलेत, कुणी हात लावत नाही, माणसांना पत्रे आणि ताडपत्री पाहिजे. आणि परत गेलात. ते बरोबरच होतं. पण प्रेसमध्ये दिवाळीचं काम होतं, कंपोझिटर आजारी होता, आणि आई दुपारी आम्हाला शेजारी सोडून खिळे जुळवायला बसत होती. उलटी अक्षरं वाचायला ती कधी शिकली? कुणी शिकवली? तुम्ही तर नाही, मी विचारलंय. कंपोझिटरच्या मागे उभी राहून, चहा द्यायला आल्यावर बघून बघून शिकली.

नंतर खिळे गेले, किलोच्या भावाने शिसं म्हणून विकले, ऑफसेट आलं, कंप्युटरवर श्रीलिपी आली, पण बिलबुकाचं काम काही सुटलं नाही आणि तुम्हाला माहितीय ते कुणाचं होतं. नंबरिंग मशीन. एका हाताने पान सरकवायचं, दुसऱ्या हाताच्या तळव्याने मशीन दाबायचं, खट्, परत पान, खट्, तीन प्रतींचं बुक असेल तर एकच नंबर तीनदा पडला पाहिजे, एक पान चुकलं की पुढचं सगळं बुक बाद. मग परफोरेशन, पुठ्ठा, शिलाई, खळ लावून वजनाखाली ठेवणं. आईच्या उजव्या तळव्यात अंगठ्याखाली अजून तो घट्टा आहे, हात लावून बघा. जुलै 2017 ला जीएसटी लागला तेव्हा अख्ख्या पेठेला एकदम नवी बिलबुकं पाहिजे होती, तो महिना प्रेसने जेवढं कमावलं तेवढं दोन वर्षांत नसेल, आणि बाबा तेव्हा कुठे होते? डेंग्यूची साथ, प्लेटलेट, रजिस्टर, फोन. नंबर टाकत कोण बसलं होतं ते सांगायला नको.

मला गंमत वाटते ती एका गोष्टीची. 1867 च्या कायद्याने, 2024 ला तो जाऊन नवा येईपर्यंत, पुस्तकावर, पेपरवर मुद्रकाचं नाव छापायलाच लागायचं, त्यामुळे आपल्याकडे छापलेल्या प्रत्येक स्मरणिकेच्या तळाला बाबांचं नाव आहे. नंबर टाकणाऱ्याचं नाव छापायला सांगणारा कायदा अजून कुणी केलेला नाही.

2019 च्या पुराबद्दलही त्या परिचयात मोठा पॅरेग्राफ आहे. कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फूट झालं की इशारा आणि 45 झालं की धोका हे सांगलीत लहान पोरालाही कळतं. 2005 ला 53 च्या वर गेलं तेव्हा सगळे म्हणाले आता ह्याच्या वर काय जाणार, आणि 2019 ला 57 च्या वर गेलं. बाबा, त्या रात्री तुम्ही सगळ्यात आधी रक्तदात्यांचं रजिस्टर उचललंत आणि मदत केंद्रावर गेलात. ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आली त्या दिवशी तुमचा फोन लागत नव्हता आणि आईने मला फोन करून 'ते ठीक आहेत' असं छातीठोक सांगितलं, तिला काहीही माहीत नसताना. प्रेसमध्ये पाणी शिरायच्या आधी कागदाची रिमं माळ्यावर टाकायला ती आणि शेजारची दोन पोरं होती. निम्मीच गेली वर, खालची निम्मी नंतर फुगून एकमेकांना चिकटलेली निघाली, आणि मोटार रिवाइंड करायला लागली. पाणी उतरल्यावर तुम्ही पेठेतल्या लोकांचे पंचनाम्याचे फॉर्म भरून देत बसलात, किती जणांचे भरलेत देव जाणे. आपला फॉर्म घेऊन लाइनीत आई उभी होती. तेव्हापासून गुडघे जास्त झाले.

आणि आता जे लिहिणार आहे ते आईला आवडणार नाही, पण लिहिते. आई, तू रक्त द्यायला गेली होतीस. एकदा नाही, बऱ्याचदा. आपल्याच शिबिरात, आपल्याच मांडवात, आणि दर वेळेला बोटाला टोचून बघितल्यावर परत पाठवलं, कारण हिमोग्लोबिन 12.5 लागतं आणि तुझं कधी दहाच्या वर गेलंच नाही. तू हसत हसत घरी येऊन सांगायचीस की आमचं रक्तच पांढरं. बाबा तेव्हा काय म्हणायचे आठवतंय? पालेभाजी खात जा. अहो बाबा, पालेभाजी ती करायचीच की! रक्त देऊन आलेल्या चौघांना पोहे, आम्हाला, तुम्हाला, मग कढईत उरेल ते तिला. अर्ध्या सांगलीला रक्त मिळवून देणाऱ्या घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ. समितीच्या परिचयात हे येणार नाही आणि यावं असंही नाही, पण तुम्हाला हे माहीत असलं पाहिजे असं मला फार वर्षं वाटत होतं.

बाबा, पासष्टीनंतर तुम्हाला रक्त देता येईना, नियमच आहे, तेव्हा तुम्ही आठवडाभर चिडचिड केलीत. तेव्हा आईच म्हणाली, तुमचं रक्त घेत नाहीत म्हणून काय झालं, फोन तर घेता येतो. त्यानंतर फोनही निम्मे तीच घेते. रात्री दोनला कुणी 'ओ निगेटिव्ह' म्हणालं तर रजिस्टर न उघडता तीन नंबर सांगते, शिवाय त्यातल्या एकाने मागच्याच महिन्यात दिलंय तेव्हा त्याला नको, हेही सांगते. ॲपवाल्यांनी येऊन बघावं.

तर आता माझं म्हणणं ऐका. सत्काराला माझा विरोध नाही, उलट हॉल मोठा घ्या. पण बाबांना शाल, श्रीफळ, मानपत्र आणि आईला कडेच्या खुर्चीवर बसवून ओटी, हे मला चालणार नाही. मानपत्र दोघांच्या नावाने निघू दे. 'सौ. वहिनींची मोलाची साथ' ही ओळ काढून टाका, साथ म्हणजे तबल्याची. तिचं नाव पूर्ण, बाबांच्या नावाच्या शेजारी, त्याच पॉइंटात.

दुसरं, थैली. दादा म्हणाला बाबांनी ठरवलंय, थैलीत स्वतःचे अकरा हजार घालून स्टेजवरच रक्तपेढीला परत देणार. टाळ्या पडतील, माहितीय. पण यावेळेस थैली आईच्या हातात द्या आणि तिला ठरवू द्या, घरी येऊन, चार दिवस विचार करून, स्टेजवर नाही. ती बहुतेक रक्तपेढीलाच देईल, मी तिला ओळखते, पण कदाचित शेजारच्या गल्लीतल्या त्या पोरीच्या नर्सिंगच्या फीला देईल, कदाचित आणखी काही. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आणि ते अकरा हजार 'ह्यांचे' पानावर जातात हे लक्षात ठेवा.

तिसरं, गुडघे. खर्च मी आणि दादा करणार, वाद नको. कार्यक्रम झाला की पुढच्या महिन्यात पहिला गुडघा, डॉक्टरांशी दादा बोललाय. हिमोग्लोबिन आधी वर आणायचंय त्यामुळे गोळ्या आजपासून, आणि आई, 'मळमळतं' हे कारण नको, जेवल्यावर घे. ऑपरेशननंतर दीड महिना स्वयंपाकघर बाबांकडे. वरण-भाताचा कुकर आणि एक भाजी, एवढं जमवायचंच. मी पहिले पंधरा दिवस येतेय, नंतर दादा-वहिनी. रजिस्टरचं काम तेवढे दिवस मंडळाच्या पोरांकडे द्या, तशीही ती कधीपासून मागतायत, एक्सेलमध्ये टाकून देतील.

भडंग पाठवलंत ते मिळालं, ऑफिसात एका दिवसात संपलं.

समितीला सांगा, माझ्या पानाऐवजी आईच्या खतावणीतलं एक पान जसंच्या तसं छापा, फोटो मी काढून ठेवलाय, आईची परवानगी असेल तरच. कोणतं वर्ष ते तिने निवडावं. अंक दुसऱ्या प्रेसमध्ये छापायला दिलाय म्हणे, तर प्रिंटला जायच्या आधी प्रूफ घरी मागवा आणि आईला वाचायला द्या, त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे, मानपत्राच्या मसुद्यात 'कर्तृत्व'च चुकलंय.

तुमची,
बेबी