मंत्रीसाहेब, आमच्या सड्यावरचं ते 'निसर्ग माहिती केंद्र' एकदा स्वतः येऊन बघा

माननीय मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातला माणूस. सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराच्या, बरोबर खाली माझी भाताची खाचरं आहेत आणि त्याआधी उभं आयुष्य बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून काढलं, त्यामुळं जांभा दगड पण कळतो आणि सिमेंट पण कळतं. मागच्या उन्हाळ्यात आपण गावात आलात, देवळासमोरच्या मांडवात बोललात की सड्यावर पर्यटकांसाठी केंद्र होणार, पण असं की लांबून बघितलं तर डोंगरच वाटंल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. मग मला पुढं बोलावून म्हणालात, काका, तुम्ही जाणकार, सूचना लिहून द्या. दिल्या. शिक्क्याची पोच आहे माझ्याकडं.

परवा त्या सूचनांवर जेसीबी चालला.

सड्याची कड फोडून जागा सपाट केली, निघालेला मुरूम आणि माती सरळ ओढ्यात लोटली, आणि रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी माझा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, दिसंना. सगळ्या वाफ्यावर लाल चिखलाची साय, वर एक सिमेंटची रिकामी गोणी. खालच्या झऱ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालंय, म्हशी तोंड लावंनात. यंदा लावणीला रोप कुठनं आणू ते सांगा, आमच्या इथं रोप दुकानात मिळत नाही. पंचनाम्याला गेलो तर तिथले साहेब म्हणाले नैसर्गिक आपत्तीत बसत नाही, कारण जेसीबी नैसर्गिक नाही. ठेकेदाराकडं गेलो तर तो म्हणाला पाऊस नैसर्गिक आहे, मी काय करू. दोघंही आपापल्या जागी बरोबर! घरी आलो तर बायको म्हणते अजून वाजवा टाळ्या. माझी शुगर वाढलीय, पोरगा पुण्यातनं फोन करून म्हणतो विकून टाका सगळं. हे तुमच्या फायलीत कुठं बसतं का बघा.

आता केंद्राचं. नकाशा मागून मागून शेवटी मिळाला. मधे काचेचा घुमट, पुढं ॲल्युमिनियमच्या एसीपी शीटची कमान, चहूबाजूंनी पेव्हर ब्लॉक, लॉन, कारंजं आणि सेल्फी पॉइंट. ट्रकमधनं फायबरचं फुलपाखरू पण येऊन पडलंय, प्लास्टिकमधे गुंडाळलेलं, एक पंख आत्ताच मोडलाय. चार महिने जिथं कारंजं आभाळातनं पडतं तिथं कारंजं! आणि काचेचा घुमट धुक्यात कुणाला काय दाखवणार देव जाणे, पाखरं मात्र आपटून मरतील.

साहेब, सडा म्हणजे पडीक माळ नव्हं. वर जांभ्याचा कातळ, त्यावर कुठं बोटभर तर कुठं वीतभर माती, आणि जिथं कातळात खळगा आहे तिथं पाणी साठतं. भादव्यात त्या खळग्याशी गुडघ्यावर बसून बघा, निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, आणि दवबिंदू नावाच्या रोपट्याच्या चिकट पानाला चिलट अडकलेलं दिसंल. यातल्या सीतेच्या आसवांना आणि दवबिंदूला किडा खावा लागतो कारण मातीत कस नाही. त्या कस नसण्यावरच ती जगतात. तिथं लॉन लावून खत टाकलं की गवत माजणार आणि ही गेली. वर बाहेरनं आणलेल्या बागेच्या मातीतनं गाजरगवत फुकट येतं ते वेगळंच. एकदा फोडलेला कातळ परत बसवता येत नाही, कितीही निधी आला तरी.

पाण्याचा हिशोब तर कुणी केलेलाच नाही. नकाशात पार्किंग २००० चौरस मीटर लिहिलंय. आमच्याकडं पावसाळ्यात २००० मिलिमीटर पाऊस म्हणजे कमीच. गुणाकार करा, ४० लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ४०० टँकर पाणी, जे आज कातळाच्या भेगांतनं मुरत मुरत झऱ्याला येतं, ते उद्या पेव्हरवरनं घसरून कुणाच्या खाचरात? बरोबर, माझ्याच. आणि संडासाचा शोषखड्डा बरोबर झऱ्याच्या वर दाखवलाय. जांभ्याला भोकं असतात हो, तो चाळणीसारखा आहे, वर जे सोडाल ते खाली आमच्या हंड्यात येणार.

त्या दिवशी आपल्या लोकांनी पडद्यावर फोटो दाखवले होते, उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवे या दगडी खांबांच्या किनाऱ्यावरच्या पर्यटक केंद्राचे. मी नंतर मोबाईलवर नीट वाचून काढलं. तिथला दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. केंद्राचे खांब त्याच भागातल्या बेसॉल्टचे, छतावर गवत, पार्किंग सुद्धा उतारात दडवलेलं. २०१२ ला उघडलं ते, ज्या वर्षी आपलं कास पठार जागतिक वारशात गेलं. इंग्लंडात स्टोनहेंज या प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळाचं केंद्र २०१३ ला झालं, ते दगडांपासून जवळपास अडीच किलोमीटर लांब, गाड्या तिथंच लावायच्या आणि पुढं बसनं नाहीतर चालत. बारीक खांबांवर हलकं छप्पर, उद्या काढलं तरी जमीन परत जशीच्या तशी मिळावी असा विचार करून. फोटो तुम्ही दाखवले, वाचलं मी. कमाल आहे.

आणि इतकं लांब पण जायला नको. माझ्या लेखी पानावर काय होतं? पवनचक्कीवाल्यांनी सोडून दिलेलं मुरमाचं मैदान सड्याच्या अलीकडं डांबरी रस्त्याला लागून पडलंय, आधीच दाबलेलं, तिथं बांधा. एक मोठी इमारत नको, चार छोट्या खोल्या उताराच्या कलानं पायरी पायरीनं, मधे पडवी. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, रंग नको, दोन पावसाळ्यात शेवाळ धरून आपोआप काळ्या पडतात. छप्पर बुटकं, डोंगराच्या कडेच्या वर डोकं काढणार नाही असं. रात्री दिवे बंद. संडास खाली. सड्यावर फक्त पायवाट, आणि वाट दाखवायला गावची पोरं. यात चूक काय होती? स्वस्त होतं, हीच चूक असणार. बुटक्या इमारतीचं बिल पण बुटकं येतं ना!

कासला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तारेची जाळी ठोकली, मग ती काढायची वेळ आली, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली. चाळकेवाडीच्या पठारावर शास्त्रज्ञांनी २०१८ ला दाखवून दिलं की पवनचक्क्यांमुळं शिकारी पाखरं कमी झाली, सरडे वाढले, सरड्यांचं वागणं पण बदललं. एवढं सगळं आपल्याच जिल्ह्यात आणि तरी नकाशा काढणाऱ्यानं सडा बघितलेला नाही हे मी लिहून देतो, कारण त्यानं उताराची दिशाच उलटी दाखवलीय. तोच नकाशा समुद्रकिनाऱ्याला चालतो, तोच किल्ल्याखाली, तोच जंगलात. नाव बदलायचं, फुलपाखराच्या जागी वाघ ठेवायचा, मार्चच्या आत बिल काढायचं.

वर पश्चिम घाट वाचवणार म्हणून गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा, आणि जुलै २०२४ मधे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवायचा सहावा मसुदा, ५६ हजार चौरस किलोमीटरच्या वर. सहावा! आमच्या पोरांना परीक्षेला इतक्यांदा बसायला दिलं असतं तर एखादा कलेक्टर झाला असता. मला गोठ्याला पत्रा टाकायचा तर दाखला, ना हरकत, परत दाखला. तुमचा जेसीबी मात्र बिनदाखल्याचा चढतो. नियम खाली राहणाऱ्यांना आणि डोंगर वरच्यांना, असं वाटून घेतलंय का तुम्ही लोकांनी?

मागणं थोडं आहे. काम थांबवा, ओढ्यातला मुरूम पावसाच्या आत काढा, तरव्याचे पैसे द्या, आणि जागा बदला. पाहणीला येणार असाल तर फुलांच्या सीझनला नको, भर पावसात या, आणि गाडी खालीच लावा.

आपला,
सड्याखालचा एक शेतकरी

ता.क. भूमिपूजनाच्या पत्रिकेत स्वागतोत्सुकांमधे माझं नाव छापलंय असं कळलं. ते काढा.